सोळा मिनिटांचा अनुस्वार

पाडव्याच्या सकाळी फराळाची ताटं भरत होते तेव्हा फोन वाजला. साताऱ्याकडचे एक ज्येष्ठ लेखक. मी ज्या दिवाळी अंकाची प्रूफं वाचली होती त्यात त्यांचा आईवरचा लेख होता. "ताई, अंक मिळाला. देखणा झालाय," म्हणाले, आणि थांबले. तीसपस्तीस वर्षं हेच काम केल्यावर हे थांबणं कसलं असतं ते कळतं. पोटात आधीच खड्डा पडतो. "पान ८७ काढता का जरा?" काढलं. वरून अकरावी ओळ. कॉलेज संपवून नोकरीसाठी ते मुंबईला आले, पहिलाच पावसाळा, गावाकडचं घर गळत असणार, आणि आई एकटी. त्यांनी लिहिलं होतं, 'आईची चिंता मला रात्रभर झोपू देईना.' छापलं होतं, 'आईची चिता मला रात्रभर झोपू देईना.' आई ९१ वर्षांच्या, खणखणीत, आणि त्याच वेळी मागच्या खोलीतून चकल्या वातड झाल्याची तक्रार करत होत्या. मला फोनवर ऐकू येत होतं.

मी माफी मागितली. "अहो, असू द्या, होतं," असं ते इतक्या मऊ आवाजात म्हणाले की त्यापेक्षा ओरडले असते तर बरं झालं असतं. चिता आणि चिंता यांत एका बिंदूचाच काय तो फरक, हे संस्कृत सुभाषित आमच्या धंद्यात नव्या माणसाला पहिल्याच आठवड्यात ऐकवतात. शिवाय हा धोका मला अगदी नेमका ठाऊक होता. जुन्या फॉन्टांमध्ये ऱ्हस्व वेलांटी आणि तिच्यावरचा अनुस्वार मिळून एक वेगळंच चिन्ह असतं. फाइल युनिकोडमध्ये वळवली की ते कधी कधी निम्मंच पलीकडे पोहोचतं. वेलांटी येते, टिंब वाटेत गळतं. चिंता, किंमत, निंदा, भिंत हे शब्द दिसले की मी चष्मा वरखाली करून दोनदा बघते. १९६२च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढून टाकले, तेव्हा आता जे उरलेत त्यातला एकेक कामाचा. मग हा सुटला कसा?

दुपारी सगळे झोपले तेव्हा बेसनाचा लाडू वाटीत घेऊन संगणकासमोर बसले आणि जुनी पीडीएफ उघडली. हल्ली मी दुरुस्त्या पीडीएफवरच टिपा टाकून करते. प्रत्येक टिपेला वेळ चिकटलेली असते, याकडे मी आजवर कधी बघितलंच नव्हतं. पान ८६वरची शेवटची टीप ११:४२ची, 'आणी'चं 'आणि'. पुढची टीप पान ८८वर, वरूनच दुसऱ्या ओळीत, ११:५८ची. मधल्या ८७व्या पानावर एकही टीप नाही. माझा वेग पानाला साधारण चार मिनिटांचा. सोळा मिनिटांत ते पान चारदा वाचून झालं असतं. मग फोन घेतला आणि त्या तारखेपर्यंत व्हॉट्सॲप मागे सरकवत नेलं. ११:४३ला खुद्द लेखकाचाच मेसेज होता : "ताई, पान ८२वर 'आणि' आहे तिथे 'व' करता येईल का?" ११:४४ला, "नाहीतर राहू द्या." त्याखाली हटवलेल्या मेसेजची ती राखाडी ओळ, जी वाचल्यावर हटवलं काय असेल याचाच विचार डोक्यात राहतो. ११:४६ला अंकाच्या गटात संपादकांचं "कुठपर्यंत आलं?" आणि हात जोडलेले. ११:४७ला माझं उत्तर : "८७." ११:४९ला जाहिरातवाल्याने विचारलेलं, बँकेचं पान रंगीत की काळंपांढरं. माझा काही संबंध नव्हता, पण वाचलं. ११:५१ला लेखकांचा आवाजी निरोप, एक मिनिट चाळीस सेकंदांचा. मागे कुकरची शिट्टी, पुढे 'व' आणि 'आणि' यांच्या लयीतला फरक. ११:५४ला मी त्यावर पाठवलेला खुलासा. तो आता पुन्हा वाचला. चांगला लिहिलाय, उदाहरणासकट. ११:५६ला त्यांचा अंगठा.

म्हणजे आईची चिंता सोडून मी 'व'ची चिंता करत होते.

या सगळ्यात पान ८७वरून माझे डोळे कधीतरी फिरलेच असणार. 'चिता' हा शब्द डोळ्यांनी पाहिलाही असेल आणि मागचंपुढचं धरून आतल्या आत 'चिंता' करून टाकला असेल. मुद्रितशोधनात हीच तर मेख असते. जो वाक्य समजून वाचतो त्याला चूक दिसत नाही, कारण मन ती आपोआप दुरुस्त करून घेतं. शोधणाऱ्याने वाक्याच्या अर्थात शिरायचंही असतं आणि त्याच वेळी त्यातून अंग काढून एकेका अक्षराकडे बघायचं असतं. हे बसायला वेळ लागतो. पहिली पाचसहा पानं नुसतीच जातात. मग कधीतरी लय लागते, नजर अक्षराअक्षरावर टेकत जायला लागते, आणि अशा वेळी चूक आपण होऊन टोचते, भातातल्या खड्यासारखी. ती लय मोडली तर जिथे मोडली तिथून सुरुवात होत नाही. पुन्हा ती सुरुवातीची पानं आली. फक्त या वेळी ती पानं अंकाच्या मधलीच असतात.

१९९१ साली मी नारायण पेठेतल्या एका छापखान्यात लागले तेव्हा तिथे निम्मं काम खिळ्यांवर, म्हणजे शिशाची एकेक अक्षरं जुळवून, चालायचं आणि निम्मं नुकतंच संगणकावर आलं होतं. खिळे धुवायच्या रॉकेलचा वास, शाईचा वास, ट्रेडल छपाईयंत्राची खटाक-खट, आणि लांबलचक ओलसर गॅली प्रूफं. त्या पट्ट्यांवर पेन टेकवलं तर शाई फुटायची. वाचायला आम्ही दोघं बसायचो. एकाने मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्याने प्रूफावर नजर ठेवायची. माझ्यासमोर जे बसायचे त्यांना सगळेच काका म्हणत. ते विरामचिन्हंही वाचायचे : "आई स्वल्प बाबा स्वल्प आणि मी पूर्ण." 'चिंता' आला की "चिं, टिंबासकट" असं म्हणायचे, आणि माझं पेन त्या टिंबाला स्पर्श करूनच पुढे जायचं. ऐकणाऱ्याला ते भजनासारखं वाटलं असेल. मला सुरुवातीला झोप यायची. पण दोन माणसं एका ओळीला बांधलेली असली की त्यातला एक कुठे पळणार?

लेखकाकडे प्रूफं सायकलवरून जायची. छापखान्यातला पोऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून नदीपलीकडे एरंडवण्यात नेऊन द्यायचा आणि तिसऱ्या दिवशी आणायला जायचा. लेखकाला 'आणि'चा 'व' करावासा वाटला तर तो त्याने समासात लिहून ठेवायचा. संध्याकाळी पुन्हा वाटलं की नको, 'आणि'च बरं, तर खोडायचा. तिसऱ्या दिवशी पोऱ्या दारात उभा राही तेव्हा त्या लेखकाच्या मनातली सगळी घालमेल त्या कागदावरच विझलेली असे, आणि आमच्याकडे यायचा तो फक्त निकाल. शब्द मोजून पैसे घेणारी तार २०१३च्या जुलैमध्ये बंद झाली. तिचंही तेच होतं. पैसे पडायचे म्हणून माणूस विचार संपवून मग खिडकीशी जायचा. आता पाठवायला काही पडत नाही, त्यामुळे विचार करायच्या आधीच पाठवता येतो, आणि तो पुरा करायचं काम समोरच्याकडे जातं. पान ८२वरच्या त्या 'व'ची घालमेल लेखकाची होती. ती त्यांनी माझ्या डोक्यात बसून केली. मीही उदारपणे जागा दिली.

छापखान्यात व्यत्यय नव्हते असं नाही. भरपूर होते. चहावाला, वीज जाणं, मालकांचं "झालं का?", बाइंडिंगवाल्या बायकांची भांडणं. पण एक फरक आता लक्षात येतो. त्या पोऱ्याला काही विचारायचं असेल तर तो उंबऱ्यात थांबायचा. माझं पेन ओळीवर टेकलेलं दिसायचं, काकांचा आवाज चालू असायचा. परिच्छेद संपेपर्यंत तो एका पायावरून दुसऱ्या पायावर वजन टाकत उभा राही. त्याला कुणी हे शिकवलं नव्हतं. माणूस कामात बुडालेला आहे हे दिसतं, एवढंच. साताऱ्याच्या घरातून मेसेज टाकणाऱ्याला माझं पेन कुठे टेकलंय ते कसं दिसावं? त्यांनी काही माझ्यावर आक्रमण केलं नव्हतं. त्यांनी फक्त टाइप केलं. उंबराच नव्हता.

आणि उचलला मीच ना फोन.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या अर्वाइन इथल्या शाखेत ग्लोरिया मार्क म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत. त्या सुरुवातीला कचेऱ्यांमध्ये माणसांच्या मागे स्टॉपवॉच घेऊन उभ्या राहिल्या. पडद्यावरच्या एका गोष्टीवर माणूस किती टिकतो हे त्यांना मोजायचं होतं. २००४ साली सरासरी अडीच मिनिटं भरली. अलीकडच्या मोजमापांत ती ४७ सेकंदांवर आली. हे आकडे हल्ली सगळीकडे सांगितले जातात, आणि सांगणारा बहुतेक वेळा मोबाइलच्या नावाने बोटं मोडतो. मला त्यांची दुसरी गोष्ट जास्त झोंबली. माणसं जेवढ्या वेळा दुसऱ्यांमुळे काम सोडतात जवळपास तेवढ्याच वेळा आपली आपण सोडतात. म्हणजे मेसेज आला नाही तरी आपण बघून येतो. सोफी लरॉय नावाच्या संशोधिकेने २००९मध्ये आणखी एक बाब दाखवली. एक काम सोडून दुसऱ्याकडे वळलं तरी लक्षाचा काही भाग पहिल्याला चिकटून मागे राहतो, विशेषतः ते अर्धवट सोडलं असेल तर. त्यांच्या 'अटेन्शन रेसिड्यू' या इंग्रजी शब्दापेक्षा मला आपला 'खरकटं' हा शब्द जास्त बरोबर वाटतो. त्याच ताटात दुसरं वाढून घेतलेलं. आमटीचा वास श्रीखंडाला.

त्या निळ्या बरोबरच्या खुणा तर आणखीच. त्या २०१४च्या नोव्हेंबरात आल्या. त्याच्या आधी "पाहिलाच नाही हो" असं म्हणायची सोय होती. ती सभ्य थाप होती आणि दोन्ही बाजूंना चालायची. आता पाहिलं हे त्यांना कळतं, म्हणून पाहिलं की उत्तर द्यावं लागतं. खुणा बंद करता येतात, ठाऊक आहे. एकदा केल्याही होत्या. तर दुसऱ्यांनी माझं पाहिलं की नाही हे मलाही दिसेना, आणि तेही सहन झालं नाही. फ्रान्समध्ये २०१७पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आला, आणि आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये तशाच हक्काचं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं होतं. पण पानावर पैसे घेणाऱ्या बाईला त्याचं काय? माझी साहेबीण मीच, आणि ती फार वाईट आहे.

इथवर लिहून मी निरागस ठरत असेन तर ते खरं नाही. आमचा अंक लावणारी ऑपरेटर मुलगी धायरीला राहते, घरूनच काम करते, दोन वर्षांचं मूल आहे. रात्री पावणेअकराला मला आठवतं, पान ४०वर एक जोडशब्द तुटलाय. सकाळपर्यंत विसरेन म्हणून मी तिला आवाजी निरोप टाकते. माझं डोकं मोकळं होतं. पाडव्यानंतर तिला चितेची गोष्ट सांगितली तेव्हा ती जरा हसली आणि मग म्हणाली, "ताई, राग नका मानू. पण तुमचा मेसेज आला की मी चालू पान तसंच सोडून तुमचं पान उघडते. नाहीतर तुम्ही परत विचारता. मागल्या वर्षी अनुक्रमणिकेत दोन नावं उलटसुलट झाली ना, ती तेव्हाच." मागल्या वर्षी त्या अनुक्रमणिकेवरून मी तिला बरंच ऐकवलं होतं. गटात, सगळ्यांसमोर.

मग हे सगळं बंद करून टाकावं का? २०२०च्या टाळेबंदीत छापखान्यांना कुलपं होती, रस्त्यावर पोलीस होते, आणि आम्ही चौघांनी चार घरांतून या फोनवरच एक अख्खा अंक उभा केला. त्या वर्षी तो फक्त पीडीएफ म्हणून निघाला. एका कवयित्रीने विलगीकरणात असताना तिथल्या खाटेवरून स्वतःच्या कवितेची प्रूफं बघितली. 'श्वास' शब्दाला गोल करून फोटो पाठवला होता, फोटोत सलाइनची नळी आली होती. तेव्हा त्या टिंगटिंगने मला जितकं माणसांत ठेवलं तितकं दुसऱ्या कशानेही ठेवलं नाही. आजही दिवसाचे सातआठ तास मी घरात एकटी असते. समोर काका नाहीत, ते जाऊन बरीच वर्षं झाली. मोठ्यानं वाचणारं कुणी नाही. दुपारी तीनला, पान ११०वर, एका भिकार कथेच्या मध्यावर फोन वाजतो तेव्हा त्रास होतो हे खरं आहे, आणि बरं वाटतं हेही. कुणीतरी उंबऱ्यात आल्यासारखं.

उपाय केले. गट मुका करताना फोन विचारतो, आठ तास, एक आठवडा की कायमचा? दिवाळी अंकाच्या गटाला मी आठ तास दिले आणि दर अर्ध्या तासाने आपणहून उघडून पाहिलं. नंतर फोन स्वयंपाकघरात गव्हाच्या डब्यावर ठेवला. तो थरथरला की रिकामा डबा असा घुमायचा की शेजारच्या काकूंनी विचारलं, पिठाची गिरणी घेतली का. एक दिवस चक्क बंद करून ठेवला. दुपारी दीडला नवरा ऑफिसातून रिक्षा करून घरी. संपादकांनी चार वेळा फोन करून लागेना म्हणून त्याला गाठलं होतं, "ताई बऱ्या आहेत ना?" त्या दिवशी मी ३१ पानं वाचली होती आणि फार चांगली वाचली होती. नवऱ्याला गरम पोळ्या करून घातल्या. संपादकांना कळवलं, "बरी आहे. ३१ झाली." त्यांनी तीन हृदयं पाठवली आणि पुढची १२ पानं.

पाडव्याच्या फोनमधलं एक सांगायचं राहिलं. बोलणं संपत आलं तेव्हा लेखक म्हणाले, "मला नव्हती हो दिसली. मी दोनदा वाचला लेख. आईनं पकडली." त्यांच्या आईला मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरही बारीक अक्षर नीट दिसत नाही. त्या हातात भिंग घेतात आणि ओळीखाली उजव्या हाताचं पहिलं बोट ठेवून सरकवत वाचतात, पुटपुटत. चौथीपर्यंतच शाळा झालेली. एका पानाला अर्धा तास लागतो. त्या ओळीवर बोट थांबलं, त्यांनी भिंग वर घेतलं, परत खाली आणलं, आणि मुलाला हाक मारली, "अरे, मला पेटवलंस की काय तू?" मग बराच वेळ हसत होत्या. "त्यांना सांग, माझं आयुष्य वाढलं म्हणावं." एवढ्यात त्यांनी फोन मागून घेतला असावा, कारण एक जुना, कोरडा आवाज थेट माझ्या कानात म्हणाला, "बाई, टिंब गेलं तर गेलं. चकल्यांत मोहन कमी पडलं त्याचं बघा. तुम्ही किती घालता?"

या वर्षीच्या अंकाची पहिली फाइल नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी आली. सोळा पानांचा पहिला फर्मा मी कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून कागदावर काढून आणला. त्याने विचारलं, "दोन्ही बाजूंनी?" म्हटलं, एकाच बाजूने, अक्षर मोठं. पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं आणि वाचायला लागले, मोठ्यानं, स्वल्प आणि पूर्णासकट. स्वतःचाच आवाज ऐकून आधी हसू आलं. चौथ्या पानापर्यंत ते विसरायला झालं. पाचव्या पानावर तिसऱ्या परिच्छेदात होते तेव्हा आतल्या खोलीत फोन वाजला. एकदा. मग लगेच आणखी दोनदा, म्हणजे कुणीतरी एकच वाक्य तुकड्यातुकड्यांनी पाठवत होतं. बोट होतं तिथेच होतं. ओळ मात्र मी पुन्हा पहिल्या शब्दापासून वाचली.